एवढा मोठा वाडा, मग शिक्षा कसली?

बाई, नमस्कार.

मी शाहूवाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवीला इतिहास शिकवतो. गेल्या वर्षी आमची सहल रत्नागिरीला गेली होती. ब्रह्मदेशचा (आजच्या म्यानमारचा) राजा थिबा याला इंग्रजांनी जिथं कैदेत ठेवलं होतं, त्या थिबा राजवाड्यात आम्ही जेमतेम अर्धा तास होतो. रांगेनं आत, रांगेनं बाहेर. जिन्यात एका मुलानं मला विचारलं, "सर, एवढा मोठा वाडा दिला, खायला-प्यायला दिलं, नोकरचाकर दिले. मग शिक्षा कसली? मला तर इंग्रजांनी खुशाल पकडावं." पोरं हसली, मीही हसलो आणि "चल पुढं" म्हणालो. परत आल्यावर निबंध लिहून घेतले, तर निम्म्या वर्गानं 'राजाची मजा होती' असंच लिहिलेलं. तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

यंदा पुन्हा तिकडंच जायचं घाटतंय. मुख्याध्यापकांची यादी सात ठिकाणांची आहे, सगळी एका दिवसात. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "परक्या राजाचं घर कशाला दाखवता? आपले राजे कमी आहेत का?" आणि आणखी एक. गेल्या वर्षी तिथं कुणीतरी मुलांना राजकन्येच्या प्रेमाची गोष्ट रंगवून सांगितली. परतीच्या वाटेवर गाडीत तेवढंच चाललं होतं, मागच्या बाकावर तर नको ते. या वर्षी तो राजवाडा वगळूनच टाकावा का? की काही करता येईल?

— एक इतिहास शिक्षक

---

सर, नमस्कार.

जिन्यात हसलात याचं वाईट वाटून घेऊ नका. मागून तीस पोरं ढकलत असताना जिन्यात कुणालाही इतिहास सुचत नाही. मी याहून वाईट केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी याच राजवाड्यासमोर नववीच्या मुलींना उन्हात उभं करून चाळीस मिनिटं भाषण दिलं होतं. तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध, त्याची कारणं, त्याचे परिणाम, सगळं मुद्देसूद. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या, तर एका मुलीनं लिहिलं होतं, 'राजवाडा मोठा आहे. बाईंना खूप घाम आला होता.' दोन्ही वाक्यं खरी होती, मार्क कापायला जागा नव्हती.

तेव्हा आधी एक सांगते. राजवाडा वगळू नका. त्या पोरानं जो प्रश्न विचारला तोच त्या घराचा खरा प्रश्न आहे, आणि राजकन्येची जी गोष्ट तुम्हाला अडचणीची वाटते, तिच्यातच त्याचं उत्तर आहे. कसं, ते ओघात येईल.

पोराला उत्तर देऊ नका. आकडे द्या आणि वजाबाकी करायला लावा. फळ्यावर एवढंच लिहा. थिबाचा जन्म १८५९. ब्रह्मदेशची राजधानी मंडाले, तिथल्या गादीवर बसला १८७८ मध्ये. इंग्रजांनी पकडला नोव्हेंबर १८८५ मध्ये. आधी मद्रासला नेला, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणला. हा राजवाडा बांधून झाला आणि तो तिथं राहायला गेला १९१० मध्ये. वारला डिसेंबर १९१६ मध्ये. आता मुलांना विचारा, पकडला तेव्हा वय किती? सव्वीस. तुमच्या शाळेत नव्यानं लागलेल्या शिक्षकाएवढा. रत्नागिरीत किती वर्षं काढली? तीस. त्यातली या वाड्यात किती? सहा.

हा 'सहा' आकडा मुलांच्या तोंडून येऊ द्या. आला की वर्गात एक क्षण शांतता होते, मी अनुभवलंय. ज्या वाड्याकडे बघून तुमचं पोरगं म्हणालं 'मला खुशाल पकडा', तो वाडा मिळेपर्यंत त्या माणसाची पन्नाशी उलटली होती. त्याआधीची चोवीस वर्षं रत्नागिरीतल्याच बंगल्यांमध्ये, पहाऱ्यात. सरकार तनखा देत होतं, पण तो पुरत नसे, आणि राजा बरोबर आणलेली रत्नं एकेक करून विकत असे. खायला-प्यायला दिलं हे खरं. पण स्वतःच्या बोटातली अंगठी मोडून खाणारा राजा ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावी लागत नाही. घरातलं काय-काय मोडून काय-काय भागवलं जातं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

एक विनंती. 'सोन्याचा पिंजरा' हे शब्द तुम्ही स्वतः उच्चारू नका. ते उच्चारले की मुलांना वाटतं, सरांना हवं ते उत्तर मिळालं, आणि साठ निबंधांत साठ पिंजरे येतात. त्यापेक्षा फळ्यावर 'नजरकैद' लिहा आणि विचारा, यात नजर कुणाची? पोलिसांची, असं म्हणतील. बरोबर. मग विचारा, आणि कैद्याची नजर कुठं असेल? हा दुसरा प्रश्न अनुत्तरित ठेवून गाडीत बसा. त्याचं काम राजवाड्यावर गेल्यावर आहे.

वाटेतला आंबा घाटही वाया घालवू नका. एरवी घाट म्हणजे गाणी आणि उलट्या. उतरताना एकदाच विचारा, की हा रस्ता सोडला तर रत्नागिरीला बाहेरून कसं येता येईल? रेल्वेनं, म्हणतील. तर कोकण रेल्वे आली ती १९९० च्या दशकात. थिबाच्या काळात आत-बाहेर करायची मुख्य वाट समुद्राची, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. राजाला ठेवायला जागा निवडताना सरकारला यापेक्षा सोयीचं काय हवं होतं? पुढं एक सागर, मागं एक सह्याद्री. भिंती बांधायचा खर्चच नाही. त्यात भाषेची आणखी एक भिंत. गावात कुणाला ब्रह्मी येत नाही, राजाला मराठी येत नाही. तुमच्या मुलांपैकी कुणी मामाकडे बेळगावपलीकडे जाऊन राहिलं असेल, तर त्याला विचारा पहिले चार दिवस कसे गेले.

आता पालकसभेतले गृहस्थ. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नाही. विशाळगड तुमच्याच तालुक्यात, पन्हाळा हाकेच्या अंतरावर, मुलांनी ते आधी बघावेत यात वावगं काय? पण मला खात्री आहे, ते दोन्ही तुमच्या मुलांचे तीन-तीनदा बघून झालेत. गृहस्थांना एवढंच विचारा, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज कुठं वारले? बहुतेकांना सांगता येत नाही. काशीला. इंग्रजांनी त्यांना १८३९ मध्ये गादीवरून काढलं, काशीला नेऊन ठेवलं, आणि १८४७ मध्ये ते तिथंच गेले. दुसरे बाजीराव पेशवे? १८१८ नंतर गंगेकाठी बिठूरला, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर, १८५१ पर्यंत. दिल्लीचा बहादूरशहा जफर? १८५८ मध्ये रंगूनला धाडला, १८६२ मध्ये तिथंच पुरला. इंग्रजांची ही पद्धतच होती. राजा मारायचा नाही, उचलून अशा ठिकाणी नेऊन ठेवायचा की तिथल्या माणसांना तो कोण हे माहीत नसावं आणि त्याच्या माणसांना तो कुठं हे दिसू नये. मारला तर हुतात्मा होतो, गादीवर ठेवला तर बंड होतं. तनखा देऊन दूर ठेवला की हळूहळू विसरला जातो.

दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीला, या अदलाबदलीत तुमच्या वर्गाला जे कळेल ते पुस्तकातल्या अर्ध्या पानात कळणार नाही. काशी आणि बिठूर शाहूवाडीहून लांब पडतात. ती पद्धत भिंती-छपरासकट बघायची असेल, तर तुमच्यापासून तीन-साडेतीन तासांवर हे एक घर आहे. गृहस्थांना असं सांगा, की परक्या राजाचं घर दाखवायला नेत नाही, आपल्या राजांचं काय केलं ते दाखवायला नेतोय. बहुतेक ते स्वतःच सहलीबरोबर यायला तयार होतील. आले तर घेऊन जा, साठ मुलांमागे एक जास्तीचा मोठा माणूस कधी नको असतो?

आणि आता मुख्याध्यापकांची यादी. सात ठिकाणं! थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्ग, मत्स्यालय, गणपतीपुळे, शिवाय आणखी दोन असतीलच. शाहूवाडीहून जाऊन-येऊन सात तास गाडीत गेले, की उरलेल्या वेळात सात ठिकाणं म्हणजे मुलं सात ठिकाणचे चपलांचे ढीग बघून येणार. चार कापा. गणपतीपुळे कापू नका, तिथं भांडण होईल. पालकांना प्रसाद हवा असतो आणि मुलांना समुद्र. पण किनाऱ्यावर गेल्यावर पाण्यात पाऊल नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. तिथला समुद्र दिसतो तितका शांत नाही, बुडून गेलेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. उरलेल्या वेळात दोनच घरं बघा. थिबा राजवाडा आणि टिळकांचं जन्मस्थान.

ही दोन एकत्र का, ते मुख्याध्यापकांना असं सांगा. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं कुठं? मंडालेला. ज्या मंडालेच्या राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, त्याच मंडालेला. १९१० चा शेवट आणि १९११ ची सुरुवात, हा एकच हिवाळा डोळ्यांसमोर आणा. इकडे रत्नागिरीत थिबा नव्या वाड्यात नुकताच राहायला आलाय. तिकडे मंडालेच्या तुरुंगात टिळक पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहितायत. मंडालेचा माणूस रत्नागिरीत, रत्नागिरीचा माणूस मंडालेत. एकाला तुरुंगाची कोठडी, एकाला तीन मजली वाडा. टिळक १९१४ मध्ये सुटून परत आले. थिबा आला नाही.

हे सांगितल्यावर तुमच्या त्या पोराला पुन्हा विचारा, की दोघांतलं कोण व्हायला आवडेल? मी हा प्रश्न वर्गात विचारलेला आहे आणि उत्तरं एकसारखी कधीच आली नाहीत. एक मुलगी म्हणाली होती, "टिळकांना माहीत होतं कधी सुटणार." मी त्या दिवशी पुढचा तास घेतलाच नाही.

टिळकांचं घर बघताना मुलांना फार भारावून जायला लावू नका. कोकणी घर आहे, पडवी आहे, अंगण आहे, त्यांना ओळखीचं वाटेल. तसंच वाटू द्या. थिबाच्या वाड्यानंतर ते लहान दिसतं, तेही दिसू द्या. आधी राजवाडा, मग जन्मस्थान, हा क्रम मात्र पाळा. उलटं केलंत तर मोठ्या वाड्याचा दिपवणारा परिणाम शेवटी उरतो आणि पुन्हा 'राजाची मजा' सुरू.

राजवाड्यावर पोचल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह. इतिहास नंतर. हे मी हसण्यावारी सांगत नाही. ज्याला जायचंय तो पोरगा खिडकी बघत नसतो, दार बघत असतो. मग साठांचे दोन गट करा. एक आत, एक बाहेर. बाहेरच्या गटानं मागच्या बाजूची बुद्धमूर्ती बघायची, झाडाखाली डबे उघडायचे नाहीत (उघडले की आत कुणी जाणार नाही), आणि वाड्याभोवती एक फेरी मारून उतरती छपरं, अर्धगोल नक्षीदार लाकडी खिडक्या मोजायच्या. मोजायला लावा. आठवीची मुलं 'निरीक्षण करा' म्हटलं की इकडं-तिकडं बघतात, 'मोजा' म्हटलं की बघतात.

आतल्या गटाला प्रश्नपत्रिका देऊ नका. हल्ली ते फार चाललंय. कागद हातात दिला की मुलं संग्रहालयातल्या पाट्या उतरवून घेतात आणि घर बघतच नाहीत. त्याऐवजी प्रत्येक चार-पाच मुलांना एकच काम. एका टोळीनं शोधायचं, की या घरात राजा सोडून आणखी कोण-कोण राबत असेल, ती माणसं कुठून आत येत असतील, कुठं झोपत असतील? दुसरीनं एका दालनाची लांबी पावलांनी मोजायची आणि आपल्या वर्गाशी ताडून बघायची. तिसरीनं पहारा द्यायचा. खरोखरच. "तू पोलीस. हा वाडा राखायचा आहे. कुठं उभा राहशील?" पोरं बरोबर जागा शोधतात, आणि शोधता-शोधता त्यांना आपोआप कळतं की घराला किती दारं आहेत आणि त्यातलं एकही राजाच्या कामाचं नाही.

आणि तुमचा तो पोरगा, यंदा तो नववीत गेला असेल, पण त्याच्यासारखा एक दर वर्षी असतोच. त्याला वरच्या मजल्यावर एका खिडकीपाशी दहा मिनिटं उभं करा. वही-पेन काही नाही. खाडी कुठल्या बाजूला, समुद्र कुठल्या बाजूला, एवढंच बघायचं. झाडांमुळे किंवा इमारतींमुळे दिसलं नाही, तर नंतर जवळच्या थिबा पॉइंटवर न्या, तिथून भाट्याची खाडी आणि समुद्र स्वच्छ दिसतो. 'कैद्याची नजर कुठं असेल?' हा फळ्यावरचा प्रश्न त्याच्यासाठी राखून ठेवला होता. दहा मिनिटांनी विचारा, न विचारलं तरी चालेल.

राहिली राजकन्येची गोष्ट. सर, ही गोष्ट तुम्ही दाबलीत तर ती मागच्या बाकावरच वाढणार. तुम्हीच सांगा, आणि आधीच सांगा, वर्गात, सरळ आवाजात. थिबाला चार मुली. थोरली रत्नागिरीला आली तेव्हा पाचएक वर्षांची होती, धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. या चौघी पहाऱ्यातल्या घरात वाढल्या. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत. ब्रह्मदेशच्या राजघराण्यातल्या मुलींसाठी तोलामोलाची स्थळं रत्नागिरीत कुठून यायची? मुली विशीत गेल्या, पंचविशी उलटली, लग्नं नाहीत. थोरलीनं जीव लावला तो त्याच घराच्या दारावर काम करणाऱ्या एका रत्नागिरीकर माणसाला. आणि लावणार तरी कुणाला होती? त्या कुंपणाच्या आत जी माणसं होती त्यांच्यातच तिचं जग होतं. तिला मुलगी झाली. राजाला हे कधीच मानवलं नाही.

१९१९ मध्ये, थिबा गेल्यानंतर, घराण्याला ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. राणी सुपयालात रंगूनला गेली आणि १९२५ मध्ये तिथं वारली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. ज्या गावात तिला कैदेत आणलं होतं तिथं ती आपल्या पायांनी आली आणि १९४७ मध्ये इथंच गेली. तिची लेक रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, गरिबीत जगली. तिची पुढची माणसं आजही त्या गावात आहेत. हे शेवटचं वाक्य मुलांना जरूर सांगा. ज्यांच्या आजीबद्दल गाडीत फिदीफिदी चालतं ती माणसं शेजारच्या दुकानात उभी असू शकतात. आठवीच्या मुलांना एवढं पुरतं, मी बघितलंय. 'असं बोलू नये' पेक्षा 'त्यांनी ऐकलं तर?' हे त्यांना लवकर कळतं.

शिक्षा कसली, असं विचारणाऱ्या पोराला या गोष्टीत त्याचं उत्तर सापडतं, कारण शिक्षा राजाला झाली आणि ती भोगली त्या मुलींनी. त्यांनी तर कुठलं राज्य केलं नव्हतं.

पण थिबाला देव करू नका. त्याच्याबद्दल दया यावी हे ठीक, पण इतिहासाच्या शिक्षकानं अर्धी गोष्ट सांगायची नसते. तो गादीवर आल्यावर थोड्याच महिन्यांत, १८७९ मध्ये, मंडालेच्या राजवाड्यात घराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली, गादीला कुणी वारस उभा राहू नये म्हणून. आदेश कुणाचा यावर वाद होतात, पण ती त्याच्या राज्यात, त्याच्या नावानं झाली. आणि इंग्रजांनी तरी त्याला का पकडलं? त्या कत्तलीचा गाजावाजा त्यांनी भरपूर केला, पण निमित्त झालं सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाच्या मुंबईच्या कंपनीवर राजाच्या दरबारानं लाकडाच्या व्यवहारात मोठा दंड बसवला. इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला, आणि १८८५ च्या नोव्हेंबरात पंधरवड्यात युद्ध संपलंसुद्धा. फ्रेंच तिकडं पाय रोवतील ही भीती होतीच. १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश खालसा. राजा-राणीला बैलगाडीत बसवून, रडणाऱ्या लोकांच्या गर्दीतून, इरावतीकाठच्या बोटीपर्यंत नेलं. बैलगाडीत! तुमच्या मुलांना ही एक गोष्ट सांगा, बाकी युद्ध विसरली तरी चालेल.

परत आल्यावर 'आमची सहल' लिहून घेऊ नका. 'मी थिबा राजा बोलतोय' हेही नको. आपल्या शाळांमध्ये पडका किल्ला बोलतो, फाटकं पुस्तक बोलतं, वठलेलं झाड बोलतं, आणि सगळे एकाच आवाजात बोलतात. राजाही तसाच बोलेल. त्यापेक्षा दोन ओळी मागा. पहिली, तिथं बघितलेली एक वस्तू. दुसरी, तिच्याबद्दलचा एक प्रश्न ज्याचं उत्तर सरांनाही येणार नाही. या दुसऱ्या अटीवर मुलं जिवाचं रान करतात. मला एकदा एका मुलीकडून आलेला प्रश्न असा होता: 'राजाला पहिल्या पावसाळ्यात काय वाटलं असेल, तिकडंही असाच पाऊस पडतो का?' मी नकाशा काढला. मंडाले कोरड्या पट्ट्यात आहे, कोकणाच्या मानानं तिथं पाऊस फारच थोडा. नंतर बराच वेळ आम्ही दोघी त्या पहिल्या जूनबद्दल बोलत बसलो होतो.

कागदपत्रांचं तुम्हाला माहीतच असेल. पालकांची संमतीपत्रं, शिक्षण विभागाची परवानगी, आणि अर्जात लिहिलेल्या ठिकाणांपलीकडे ऐनवेळी कुठं वळायचं नाही. एसटीनं शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत असते, तिचा अर्ज आगाराकडे वेळेत करा, डिसेंबरात गाड्या मिळत नाहीत. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा आणि निघायच्या आधी फोन करून वेळ विचारा. साठ मुलं येणार हेही सांगून ठेवा. राजवाड्यावर दोन तास धरा, जन्मस्थानाला पाऊण तास, मग जेवण, मग पुळे. चारच्या आत तिथून हलाच, घाट उजेडात चढायला हवा.

आणि शक्य झालं तर त्या गेल्या वर्षीच्या पोरालाही यंदा बरोबर न्या. नववीतला असला म्हणून काय झालं, एक जागा कुठंही निघते. त्याला सांगा, तू विचारलेलं राहून गेलं होतं.

— तुमची बाई